चिंधी बांधलेला टोमॅटो

भाज्या एकमेकींशी बोलायच्या आणि माणसांना त्याचा पत्ताही नसायचा, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाकाकूंच्या परसात लांबट टोमॅटोचं एक झाड होतं. त्यावरचा सगळ्यात देखणा टोमॅटो मोठ्या ताठ्यात सांगायचा, "काकूंनी सार केलं, की पहिला मान माझाच!"

पण काकू आल्या, त्यांनी त्याच्या देठाला लाल चिंधी बांधली आणि बाकीचे टोमॅटो तोडून नेले. मग दरवेळी तसंच होऊ लागलं. तो झाडावरच पिकून मऊ पडला, सुरकुतला. शेजारचा कढीपत्ता हसून म्हणाला, "काय राव, मी रोज फोडणीत जातो. तुम्हाला मात्र कुणी विचारीना!" टोमॅटोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एके दिवशी शेजारीण त्याला तोडायला गेली, तशा काकू ओरडल्या, "अगं, त्याला हात नको लावूस! तो बियाण्याला राखलाय. बियाणं सगळ्यात चांगल्याचंच धरावं."

टोमॅटोला ती चिंधी एकदम फेट्यासारखी वाटू लागली.

पुढे काकूंनी त्याला चिरलं आणि त्याच्या बिया राखेत घोळवून वाळवल्या. नव्या हंगामात वाफाभर रोपं तरारली. कढीपत्त्यानं वरूनच विचारलं, "तो सुरकुतलेला चिंधीवाला कुठं गेला हो शेवटी?"

वाफ्यातलं एकूण एक रोप मान ताठ करून म्हणालं, "मी होय? हा काय, इथंच उभा आहे!"