ओढ्याचा वाटा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी माणसांशी बोलत आणि माणसं, सवड असली तर, त्यांचं ऐकतही.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक बंदर होतं. तिन्ही बाजूंनी जमिनीने कुशीत घेतलेलं, समुद्राकडे एकच चिंचोळं तोंड. आत पाणी उथळ आणि निवांत, तळाशी पाणगवताची कुरणं. त्या गवतात माशांची पिल्लं वाढत, काठच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, पोसत. राजाच्या आजोबांनी या बंदराला राखण घातली होती. मोठं जाळं टाकायचं नाही, गवतात नांगर सोडायचा नाही, परक्या गलबताने आत घाण ओतायची नाही. बंदराच्या तोंडाशी शंख घेऊन एक राखणदार बसे. तो सारा दिवस समुद्राकडे डोळे लावून असे, कारण संकट येईल ते समुद्रातूनच, असं सगळ्यांना वाटे. बंदराला पाठ असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या पाठीशी डोंगर होता. डोंगरावर एक गाव होतं, आणि गावातून एक ओढा उतरत उतरत थेट बंदराला जाऊन मिळत असे.

त्या गावाची एक जुनी रीत होती. ज्याचं शेत ओढ्याकाठी, त्याने काठाची रुंद पट्टी नांगराविना सोडायची. तिथे करंज वाढायचे, बांबू वाढायचा, गवत माजायचं. तिला म्हणायचे ओढ्याचा वाटा. का सोडायची, ते सांगणारे कधीच मरून गेले होते. उरली होती ती नुसती रीत.

याच गावात धाकोजी नावाचा शेतकरी राहायचा. बायको लवकर गेलेली, घरात एकुलती लेक, आवडी. तिला त्याने खाली बंदरावर दिली होती, कोळ्याच्या घरात. लोक म्हणाले, "शेतकऱ्याची पोर पाण्यात कशाला देतोस?" धाकोजी म्हणाला, "डोंगरावरून तिचं छप्पर दिसतं मला. आणखी काय पाहिजे?" आणि खरंच, सांजेला तो बांधावर उभा राहून खाली बघायचा. तिच्या घरातून धूर निघाला की मगच स्वतःची चूल पेटवायचा.

बापलेकीचं एक ठरलेलं होतं. सुगी झाली की तो बैलगाडीतून नव्या तांदळाचं पोतं खाली पाठवायचा. ती रिकामी गाडी परत पाठवायची नाही. माशांची डोकी, काटे, वाळलेली बारीक मासळी, असं सगळं टोपल्यांत भरून ती वर धाडायची. "बाबा, शेतात घाला," असा निरोप असायचा. मासळीचं खत पडलं की भात असं उठायचं, की शेजारी बांधावर येऊन उगाच घुटमळायचे.

इथवर सगळं गोडच होतं. पण माणसाला गोड पुरत नाही. धाकोजीला वाटलं, लेकीला एक पोतं कशाला, दोन पाठवू. मूठभर खताने एवढं पिकतं, तर टोपलीभराने किती पिकेल? म्हणून तो टोपल्या ओतू लागला. गोठ्यातलं शेणही तो ओढ्याच्या अगदी कडेला रचू लागला, कारण तिथून शेतात न्यायला सोपं. मग त्याची नजर गेली ओढ्याच्या वाट्यावर. चांगली काळी जमीन, आणि तिच्यात नुसतं गवत!

त्याने कुऱ्हाड उचलली तेव्हा करंजाच्या मुळाशी एक म्हातारं पाणमांजर ऊन खात बसलं होतं. ते बंदरापासून गावापर्यंत ओढ्याने ये-जा करायचं, त्यामुळे त्याला दोन्हीकडच्या भानगडी ठाऊक.

"धाकोजी, हे माझं छप्पर आहे हो," ते म्हणालं.

"दुसरं शोध. जागेला काय तोटा?"

"माझं राहू दे. पण तुझ्या शेतातून जे धुऊन येतं, ते ही मुळं अडवून धरतात. ही गेली की सगळं थेट खाली."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली. पाणी दुसरीकडे कुठे जातं?"

धाकोजी हसला. "अरे, खतच ना ते? विष थोडंच आहे! गेलं थोडं वाहून तर खालच्यांचंही भलं होईल."

पाणमांजराने मिशा पुसल्या आणि ते पाण्यात शिरलं. हट्टाला पेटलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं प्राण्यांनाही कळतं.

त्या वर्षी धाकोजीने दोन पोती पाठवली. ते बघून शेजाऱ्यांनीही आपापले वाटे नांगरले. एकाने गाय मारली की दुसऱ्याने वासरू मारावं, तसंच झालं. बघता बघता ओढ्याकाठी एक झाड उरलं नाही.

पुढच्या सुगीला गाडीवान परत आला तो सांगत, "तुमच्या लेकीचा निरोप आहे. म्हणाली, बाबांना सांग, बंदर हिरवंगार झालंय."

आता शेतकऱ्याला हिरवं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. हिरवं म्हणजे भरलेलं शेत, भरलेलं घर. धाकोजीचं ऊर भरून आलं. त्याने साऱ्या गावात गूळ वाटला. "बघा, मी म्हणत होतो ना? खालच्यांचंही भलं झालं!" आणि त्या वर्षी त्याने खताची टोपली आणखी शिगोशीग भरली.

मला या गुळाचं फार वाईट वाटतं. लेक मदतीसाठी हाक मारत होती, आणि बाप तोंड गोड करत होता.

त्याच्या पुढच्या सुगीला गाडी रिकामी आली. टोपल्या होत्या, पण त्यांत काही नव्हतं. धाकोजी मनातून दुखावला. पोर सासरी रमली, बापाला विसरली, असं त्याने मनाशी धरलं. खाली जाऊन विचारावं, हे त्याच्या मानी डोक्यात आलं नाही. तिच्या छपरातला धूर रोज थोडा उशिरा निघतो आणि लवकर विझतो, हे मात्र तो बघत होता.

मग एका सकाळी आवडी स्वतःच डोंगर चढून आली. गालफडं बसलेली, हात कोरडे. तिसऱ्या काढणाऱ्या बाईचे हात कोरडे म्हणजे घरात काही नाही.

"काय गं झालं?" धाकोजीने विचारलं.

"काय सांगू बाबा? पाण्यावर शेवाळाची गोधडी पसरलीय. खाली ऊनच पोचत नाही. गवत कुजलं, पिल्लं मेली, तिसऱ्यांचे नुसते शिंपले उरले. दारात उभं राहवत नाही असा वास. राजाची माणसं आली, म्हणाली, राखणदार झोपला असणार, कुणा गलबताने घाण ओतली असणार. बिचाऱ्याला बेड्या घालून नेलं."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

बोलता बोलता ती पाय धुवायला ओढ्यावर गेली. आणि तिथेच थबकली. काठ बोडका. कडेला शेणाचा ढीग, त्यातून काळं पाणी झिरपत ओढ्यात चाललेलं. दगडांवर बोटभर हिरवं शेवाळ. तिने ओंजळ भरली, नाकाशी नेली, आणि तशीच खाली सोडली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हा आमच्या दारातला वास आहे."

धाकोजीने ढिगाकडे बघितलं. मग ओढ्याकडे. मग ओढा जिकडे जात होता तिकडे, त्या ओळखीच्या छपराकडे. त्याला हिरव्या बंदराचा निरोप आठवला आणि गुळाची चव जिभेवर कडू होऊन आली. तो तिथेच काठावर बसला.

"मी केलं गं हे. माझ्या हातांनी."

आवडी चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती त्याच्या शेजारी बसली. "एकट्याने नाही, बाबा. खत मीच पाठवत होते. तुमचं शेत पिकावं म्हणून मी, माझं पोट भरावं म्हणून तुम्ही. दोघांनी मिळूनच केलं."

"आजच थांबवतो. आत्ता. तू जाऊ नकोस."

"मी निरोप घ्यायलाच आलेय. होडी भरून झालीय. भुकेलं घर पाणी निवळायची वाट बघत बसू शकत नाही, बाबा. पल्याडच्या किनाऱ्याला जातोय, जिथे तिसऱ्या असतील तिथे."

ती डोंगर उतरली. दुसऱ्या दिवशी सांजेला त्या छपरातून धूर निघाला नाही. त्यानंतर तो कधीच निघाला नाही.

धाकोजी राजाकडे गेला आणि भर दरबारात खरं सांगितलं. राखणदार सुटला. राजाने हुकूम काढला, की यापुढे बंदराला दोन राखणदार असावेत, एकाचं तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचं डोंगराकडे. धाकोजीने ढीग ओढ्यापासून लांब नेला, भोवती बांध घातला, खत पुन्हा मुठीने टाकू लागला. ओढ्याला त्याचा वाटा परत दिला, करंज लावले, बांबू लावला. दारोदार जाऊन हात जोडले. "वरातीमागून घोडं आणतोयस," म्हणून लोक हसले. त्याने ते ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. पण मग एकेकाने आपला वाटा सोडला.

त्याला वाटलं होतं, आता बंदर लगेच निवळेल. ते निवळलं नाही. उन्हाळा आला की शेवाळ पुन्हा वर यायचं.

"आता तर काहीच जात नाही ना खाली?" त्याने पाणमांजराला विचारलं.

"आधी गेलंय त्याचं काय? ते चिखलात मुरलंय. खरकटं टाकायला क्षण लागतो, भांडं घासायला हात दुखतात."

करंज मोठे झाले. पाणमांजर त्यांच्या मुळाशी परत राहायला आलं. धाकोजी पार वाकला. आणि मग एका सुगीला गाडीवान धावत आला. "पाण्याचा तळ दिसतोय! तिसऱ्या आल्या!"

धाकोजी काठी टेकत खाली उतरला. चिखलात गुडघे रोवून त्याने तिसऱ्या काढल्या, टोपलीभर. आवडीच्या घरापाशी आला. छप्पर खचलं होतं, उंबरा मात्र शाबूत होता. त्याने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि सवयीने हाक मारली.

"आवडे, बघ गं, आल्या!"

आतून वारा तेवढा बाहेर आला. समुद्र स्वच्छ होता, गवत डुलत होतं, आणि ते बघायला ज्या लेकीला बोलवायचं, ती कुठल्या किनाऱ्यावर आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हातारा अंधार पडेपर्यंत त्या उंबऱ्याशी बसून राहिला. मग त्याने टोपली उचलली आणि तिसऱ्या एकेक करून परत पाण्यात सोडल्या.

तात्पर्य : आपण वाहत्या पाण्यात सोडलेलं नाहीसं होत नाही, ते खाली राहणाऱ्या आपल्याच माणसाच्या ताटात जाऊन पडतं.