केरबाच्या खांद्यावरची सायकल

टायरांना वाचा होती आणि माणसं त्यांचं ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. केरबा वाडीवस्ती हिंडून छत्र्या दुरुस्त करायचा. चालून चालून पाय दुखायचे, म्हणून त्यानं भंगारातून एक जुनी सायकल आणली आणि तिला नवेकोरे टायर घातले. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तेवढ्यानं टायरांचा तोरा वाढला.

“केरबाअण्णा, आख्ख्या सायकलीपेक्षा आम्ही महाग आहोत. आम्हाला काट्यांतून नेऊ नका.”

केरबाला ते पटलं. काटेरी वाट आली की तो सायकल खांद्यावर घ्यायचा. पुढं खडीवरही घेऊ लागला, मग चिखलात, आणि शेवटी डांबरी सडकेवरही. उन्हात डांबर चिकटतं म्हणे.

“अण्णा, माझ्यावर बसणार तरी कधी?” जुन्या सीटनं विचारलं.

“टायर जरा जुने होऊ देत,” केरबा म्हणाला.

एके दिवशी बाभळीचा काटा चपलेतून आरपार त्याच्या टाचेत घुसला. तो कळवळून खाली बसला.

“बघा!” टायर खांद्यावरून म्हणाले. “आम्ही सांगत नव्हतो, या वाटेला काटे आहेत म्हणून?”

“नशीब, तुम्हाला नाही लागला!” केरबा म्हणाला. त्यानं काटा उपसला, सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो लंगडत पुढं निघाला.