स्वेटर किती लागतात

इचलकरंजीच्या कॉलेजात त्या दिवशी नुसती धांदल होती. इटलीतल्या कापडगिरणीत सहा महिने काम शिकायला मिळणार, म्हणून नोकरीसाठी चपला झिजवलेली बारा पदवीधर पोरं रांगेत उभी होती. समोर मुख्य करिअर मार्गदर्शक दाभाडेसाहेब, सकाळच्या सत्काराचा फेटा अजून डोक्यावर. प्रत्येकाला एकच प्रश्न, "परदेशात राहण्याचा अनुभव?" नाही म्हटलं की अर्जावर लाल फुली. अकरा फुल्या झाल्या.

शेवटी सुगंधा कुंभोजे पुढे आली. "अनुभव नाही, सर. पण तिकडच्या थंडीत काय न्यावं, एवढं सांगाल?"

"स्वेटर," साहेब म्हणाले.

"तुम्ही गेला होता तेव्हा एक पुरला का?"

साहेबांनी फेटा चाचपला. "मी अजून गेलो नाही. पासपोर्ट काढायचाय."

"मग आपण दोघंही सारखेच, सर," सुगंधा गोड हसली. "फरक इतकाच, की मी शिकायला निघालेय आणि तुम्ही शिकवायला बसलाय."

सगळा हॉल खदखदून हसला. साहेबांनी मुकाट्यानं फुल्या खोडल्या, बाराही अर्जांवर सह्या ठोकल्या आणि सुगंधाला हळूच म्हणाले, "पोचल्यावर कळवा हं, स्वेटर किती लागतात ते."