मिलकाबाईची फेरी

आज ज्यांचे केस पिकलेत ती माणसं पाळण्यात होती, तेव्हाची ही गोष्ट. इस्राएलात, नेगेवच्या वाळवंटाकडेला एक किबुत्झ होतं. किबुत्झ म्हणजे सगळ्यांची मिळून एक शेती, एक चूल आणि एकच तिजोरी. बैठकीत हात वर झाल्याशिवाय तिथे आमटीत मीठसुद्धा पडत नसे. कुणी पोलंडचं, कुणी मोरोक्कोचं, आणि मिलकाबाई वाक्रुळकर आपल्या कोकणातली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांची लेक.

त्या वर्षी ऑलिव्ह बक्कळ आले, पण व्यापारी फिरकलाच नाही. अंगणातले ढीग सडायला लागले. पीक हातचं गेलं तर गाव मोडायचं, ज्यानं त्यानं आपली वाट धरायची, असं बैठकीत ठरलं. मिलकाबाईचा जीव कासावीस झाला. एक गाव सोडताना ती ढसाढसा रडली होती. दुसऱ्यांदा ते तिला सोसवणार नव्हतं.

"मी घाणा लावते," ती म्हणाली. "बैल द्या."

"बैल कुठला?" सचिव हेर्श म्हणाला. "एक खेचर आहे, तेही लंगडं."

"मग तुम्ही आहात की!"

बैठक बसली, हात वर झाले. बैलाचं काम सगळ्यांनी पाळीपाळीनं करायचं, पहिली पाळी सचिवांची! पडक्या गिरणीचे दगड आणून घाणा उभा राहिला. हेर्शनं दांडा खांद्यावर घेतला, थोडे फेरे मारले आणि गरगरून धपकन खाली बसला. मिलकाबाईला हसू आवरेना. तिनं आपल्या नऊवारीचा पदर टराटरा फाडला आणि बैलाला बांधतात तशी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

"आता चाला, भाऊ. भोवळ येणार नाही."

हेर्श चालू लागला, आणि चालता चालता चक्क गाऊ लागला. असं म्हणतात, त्याच्या पायाखाली पोलंडातली त्याची गल्ली आली, बेकरीच्या वासासकट. "कुठं जाऊन आलात?" पट्टी सोडताना मिलकाबाईनं विचारलं, तर त्यानं गल्लीचं नाव घेतलं आणि पुन्हा दांड्याला हात घातला. मग ज्याला त्याला आपापलं गाव सापडलं. पाळी संपली तरी कुणी दांडा सोडीना, भांडणं लागली! मिलकाबाईसुद्धा माडांखालून पार अलिबागेपर्यंत फिरून आली. असं म्हणतात, शुक्रवारी सूर्य बुडेपर्यंत तेल थांबलंच नाही. भांडी संपली तेव्हा लोकांनी बादल्या लावल्या, शेवटी बाळांचे टबही. शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र विसाव्याचे दिवे त्याच तेलावर लागले, आणि गाव त्याच तेलावर उभं राहिलं.

आता तिथे विजेचं यंत्र आहे. पण हंगामाची पहिली फेरी माणसांनीच मारायची, डोळे बांधून. तिला मिलकाबाईची फेरी म्हणतात. पट्टी सोडताना विचारायचं, तेही मराठीतच, "कुठं जाऊन आलात?" म्हातारे आपापल्या गावांची नावं घेतात. तिथेच जन्मलेली पोरं मात्र गोंधळून बघतात आणि म्हणतात, "कुठं म्हणजे? इथंच तर होतो."