डोंगरापलीकडची साद

पक्ष्यांच्या राज्यातला थोरला उंबर रिकामा पडत चालला होता. झाड वठले नव्हते; पक्षीच येईनासे झाले होते. पिलू जन्मले, जोडपे जमले किंवा कोणी गेले, की तेवढ्यापुरते येत. थोडा वेळ पंख आवरून बसत आणि उडून जात.

पहाटेची साद घालायचे काम म्हाताऱ्या धनेश पक्ष्याकडे होते. तो रोज साद घाली. उत्तर येत नसे, आणि त्याचे त्याला आता काही वाटतही नसे.

एकदा शहाणा म्हणून मान असलेला ढोक आला.

"धनेशकाका, उंबराचा काळ संपला. पक्ष्यांना त्याची गरज उरली नाही. सभेने ठरवलंय, साद बंद करायची."

"बरं."

"वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," धनेश म्हणाला, आणि ते खरेच होते.

त्याची धाकटी बहीण फार पूर्वी डोंगरापलीकडे गेली होती. साद बंद होणार, हे निदान तिच्या कानावर घालावे, म्हणून तो निघाला. पलीकडे नुसता काळा कातळ. तो पोचला तेव्हा उजाडत होते आणि साळुंक्यांचा एकच कलकलाट चालला होता. त्याने बहिणीची चौकशी केली.

"मोठ्या चोचीची आजी? ती गेली की," एक साळुंकी म्हणाली. "हे गाणं तिचंच."

धनेश ऐकू लागला. चाल भलतीच होती, शब्द साळुंक्यांचे होते, मध्येच पंख आपटणे होते. बऱ्याच वेळाने त्याला कळले, ही आपलीच साद. साळुंक्या ज्यावर बसल्या होत्या, तो कातळाच्या भेगेतून वर आलेला कोवळा उंबर होता. मुळांनी दगड उकलला होता.

"तुमच्याकडेही असं झाड आहे?" साळुंकीने विचारले.

"आहे."

"मग तिथंही अशीच गर्दी होत असेल."

धनेशाला बहीण गेल्याचे दुःख व्हायला हवे होते, साद ऐकून आनंदही. तो दोन्हींची वाट पाहत उभा राहिला.

"सरका गं जरा, पाहुण्यांना बसू द्या," साळुंकी बाकीच्यांना म्हणाली.

रांग सरकली. त्याच्या भाराने बारकी फांदी खूप खाली वाकली. मग टोकाला कोणीतरी एक पिकले उंबर फोडले आणि चोचीतून चोचीत देत, तुकडा तुकडा कमी होत, ते त्याच्यापर्यंत आले.