बॅटरी जाते कुठे?

"मग जाते कुठे ती, चाचा?"

सुकन्याने वही हसनचाचांच्या नाकासमोर धरली. वहीत सगळं लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर कधी लावला, कधी बंद केला. प्रिंटर किती मिनिटं चालला. खाली बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा.

"माझ्या बेरजेने बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरायला हवी. आणि रोज दुपारीच बसते. मधली जाते कुठे?"

चाचा दोरीची गाठ सोडवत होते. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही.

"माझं वाचन कच्चं आहे," ते म्हणाले.

होडी खाडीच्या मधोमध नांगरलेली होती. बेटांवरच्या लोकांचे दाखले, फॉर्म, सगळं सुकन्या या होडीवर बसून करून द्यायची. बेटांवर मोबाईलला रेंज नाही, इथे पाण्यावर येते. कॉम्प्युटरची स्वतःची बॅटरी केव्हाच मेली होती. म्हणून होडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरला कॉम्प्युटर. इंजिन चालवून बॅटरी भरता आली असती, पण डायनॅमो आठवडाभर दुरुस्तीला गेलेला. इंजिन चाचा हँडल मारून सुरू करायचे. सकाळी सहाला धक्क्यावरून जेवढी भरून आणली, तेवढीच दिवसभर.

हसनचाचा या होडीचे सारंग. चाळीस वर्षं लाँच चालवलेला माणूस. सुकन्या कॉम्प्युटरच्या परीक्षेत तालुक्यात दुसरी आलेली. तिचं सर्टिफिकेट केबिनमध्ये काचेत लावलं होतं. चाचा रोज सकाळी ते फडक्याने पुसायचे. हसले असते तर भांडता आलं असतं, पण पुसताना हसायचे नाहीत. त्याचाच तिला जास्त राग यायचा.

"आज बॅटरी बसली तर काय होईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मृणालीचा फॉर्म पाचच्या आत गेला पाहिजे. नर्सिंगचा आहे. नाही गेला तर पोरीचं वर्ष गेलं!"

"माहीत आहे, बाय."

मृणाली सकाळी आली, ती शाळेचा दाखला घरीच विसरून. तो आणायला बापाच्या छोट्या होडीतून परत गेली होती. आता भरतीचं पाणी चढल्याशिवाय तिच्या बेटावरून होडी सुटणार नव्हती. म्हणजे तीन तरी वाजणार.

आत्ता बारा वाजले होते. बॅटरीचा काटा लाल पट्टीला टेकायला आला होता.

कुईं... इन्व्हर्टर एकदा ओरडला.



"बघा! काही लावलेलं नाही, तरी ओरडतो. कॉम्प्युटर बंद. प्रिंटर बंद. माझा मोबाईलसुद्धा मी घरून भरून आणते."

चाचांनी दोरी खाली ठेवली.

"हात दे."

त्यांनी तिचा तळवा इन्व्हर्टरच्या पत्र्यावर ठेवला.

"काय लागतं?"

"गरम."

"कोणाचं काम करतोय?"

"कोणाचंच नाही. सांगितलं ना, काही लावलेलं नाही."

"मग गरम कशाने झाला?"

सुकन्याने कान दिला. पत्र्याच्या आत पंखा भिरभिरत होता. तो आवाज रोजचाच. रोजचा म्हणून कधी कानात शिरलाच नव्हता.

"तयार ठेवलाय," ती शेवटी म्हणाली. "ऐनवेळी अडायला नको."

"कधीपासून?"

"सकाळी सहापासून."

"वहीत लिहिलंस?"

"त्याचं काय लिहायचं? तो तर काहीच करत नाही..."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

"काही न करताच दमला बिचारा," चाचा म्हणाले, आणि त्यांनी बटण खाली पाडलं.

पंखा थांबला.

"चाचा! पुन्हा लागलाच नाही तर?"

"तर नाही लागणार."

"आणि मृणाली?"

"ती तीनला येणार. काळजी पण तीनला कर. आत्ता केलीस तर तीनला पुन्हा करावी लागेल."

होडीच्या बुडाखाली पाणी चुळचुळत होतं. एक बोय मासळी पाण्याबाहेर उडाली आणि टप्पकन परत पडली. सुकन्याला वाटलं, हे आवाज आजच सुरू झाले.

दोन मिनिटं ती तशीच बसली... मग तिने मोबाईल कानाला लावला.

"आई, बाबू झोपला का?"

धक्क्याजवळच्या घरून सासूबाईंचा आवाज एवढा मोठा आला, की चाचांनाही ऐकू गेला.

"झोपला होता गो! तुझा फोन वाजला आणि उठला. चौथ्यांदा! दूध प्यायला, खेळला, आजोबाच्या मिशा ओढल्या. सगळं ठीक आहे. आता ठेव!"

चाचा खाडीकडे बघत होते. खांदे मात्र हलत होते.

"हसू नका."

"नाही हसत."

त्यांनी आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. अर्धी भाकरी तिच्यापुढे केली.

"माझा डबा आहे, चाचा. नंतर खाईन."

"तुझा डबा रोज होडीची सैर करून घरी जातो. मला दिसत नाही का?"

सुकन्याने भाकरी घेतली. चटणी तिखट होती. तिने आणखी मागून घेतली. मग केबिनच्या सावलीत जरा पाठ टेकली. जराच... डोळा कधी लागला, कळलं नाही.

"ओ ताई! ताई!"

मृणालीची होडी येऊन लागली होती. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिने छातीशी धरलेला. तीन वाजून दहा मिनिटं.

सुकन्या धडपडत उठली, आणि आधी तिने काट्याकडे बघितलं.

काटा लाल पट्टीपासून वर सरकला होता. नखभर. पण सरकला होता.

"चाचा... भरली कोणी?"

"कोणी नाही."

"मग काटा चढला कसा?"

"बॅटरीला विसावा दिला."

"असं कसं? आम्हाला शिकवलं होतं की..."

"ते उद्या सांग. बटण दाब."

तिने बटण दाबलं. पंखा भिरभिरला. कॉम्प्युटर उजळला. तिची बोटं एकदा कामाला लागल्यावर थांबली नाहीत. दाखल्याचा फोटो काढला, फॉर्मला जोडला, मार्क पुन्हा तपासले. मृणाली ओठ चावत मागे उभी.

"पाठवू?"

"पाठवा, ताई."

पडद्यावर गोल फिरत राहिलं... फिरत राहिलं... चाचासुद्धा डोकावून बघत होते.

मग नंबर आला.

प्रिंटरने कागद आत ओढला, आणि पावती सावकाश बाहेर आली. पुरी बाहेर आल्यावर इन्व्हर्टर ओरडला. कुईं.

"ओरड आता," सुकन्या म्हणाली. "काय ओरडायचं ते ओरड."

मृणाली हसता हसता रडली. तिने चाचांच्या पायाला हात लावला.

"चाचा, नर्स झाले की पहिलं इंजेक्शन तुम्हाला."

"आधी माझ्या बकरीला दे. ती जगली तर मी घेईन."

मृणालीची होडी भरतीच्या पाण्यावर झुलत लांब गेली. वळणापर्यंत ती पावती हलवून दाखवत होती.

सुकन्याने इन्व्हर्टरचं बटण स्वतः खाली पाडलं. पत्र्यावर हात ठेवून बघितला. मग वही काढली, पट्टी घेतली, आणि एक नवीन रकाना आखला.

"आता याचं पण लिहीन. रिकामा किती वेळ चालला ते."

"लिही."

"सापडलं की नाही, चाचा? आता थेंबभर वाया जाणार नाही. सगळं बंद केलं मी. कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद, हा पण बंद."

चाचांनी मान हलवली.

बोलता बोलता सुकन्याचा हात मोबाईलकडे गेला होता. बाबूला आता भूक लागली असेल. की पुन्हा झोपला असेल? झोपला असेल तर पांघरूण...

चाचा उठले. नांगराच्या दोरीकडे जाता जाता तिच्यापाशी थांबले, आणि त्यांनी आपला राठ तळवा तिच्या डोक्यावर ठेवला. इन्व्हर्टरवर तिचा ठेवला होता, तसा. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"हे अजून गरम आहे," ते म्हणाले.