करडामागचा डोंगर

“घसा फोडून सांगितलं, पण एकानंही माझं खरं मानलं नाही!” म्हाळसाबाई अजून हेच म्हणते. आणि खोटं नाही म्हणत.

एका डोंगराच्या पायथ्याला सात घरांची वाडी होती. त्या वाडीत ही म्हाळसाबाई राहायची. तिच्याकडे काच तडकलेला एक साधा मोबाईल होता. रोज सकाळी ती वरच्या माळावर करडू बांधायची, त्याचा फोटो काढायची आणि सासरी गेलेल्या लेकीला पाठवायची.

एके दिवशी लेकीचा फोन आला. “आई, करडामागं डोंगरावर ती काळी रेघ कसली? सोमवारी नव्हती. रोज लांबतेय बघ.”

म्हाळसाबाईनं आठवड्याचे फोटो एकामागं एक पाहिले. डोंगर फाटत होता.

ती वाडीत धावत आली. लोक हसले. “अगं, काच तुझ्या मोबाईलची फुटलीय, डोंगर नाही!” माळावर चढून बघायला एकही उठला नाही. गोपा म्हातारा म्हणाला, “केरबाला पाठवा. त्याचा कॅमेरा मोठा. त्यात येईल ते खरं.”

केरबा लग्नाबारशाचे फोटो काढायचा. पण हल्ली बारशाला जो तो मोबाईलच काढी. केरबाला कुणी विचारीना. मोबाईलचं नाव काढलं की त्याला मिरच्या झोंबत.

तो माळावर गेला. कॅमेऱ्याला डोळा लावला. क्षणभर कॅमेरा खाली घेऊन त्यानं नुसत्या डोळ्यांनी त्या रेघेकडं पाहिलं. म्हाळसाबाईनं ते पाहिलं. मग त्यानं भिंगाची कडी फिरवली आणि फोटो काढला. करडाचा केस न् केस मोजून घ्यावा. मागचा डोंगर मात्र नुसता हिरवा धूर.

“मागचं पुसट का केलंस रे?”

“चांगला फोटो असाच असतो, आक्के. तुझ्या डबड्याला काय कळतंय?”

वाडीनं फोटो पाहिला. “बघा, रेघ आहे का कुठं?” सगळे निर्धास्त झाले.

तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या सकाळी म्हाळसाबाई माळावर गेली. रेघेत आता झाडं उभीच्या उभी उतरत होती. ती खाली पळाली आणि थाळी बडवत दारोदार फिरली. “निघा! लेकरं उचला, निघा!” डोंगरातून गुरगुर ऐकू आली तशी सहा घरं रिकामी झाली. गोपा उंबऱ्यावरून हलला नाही. “मोठ्या कॅमेऱ्यात बघितलंय मी,” तो म्हणाला.

डोंगर खाली आला. सात घरं आणि गोपा, सगळं मातीखाली गेलं.

त्या ढिगापुढं केरबा पुटपुटला, “कॅमेऱ्यानं दगा दिला.”

म्हाळसाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. “कॅमेऱ्याला सगळं दिसत होतं. कडी कुणी फिरवली?”



तात्पर्य: यंत्र लहान असो की मोठं, पाप त्याचं नसतं. ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्यानंच दिसलेलं संकट झाकलं, तर मेलेल्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. गोपाच्या मरणाचा धनी एकच, केरबा.